शेवटचा बॅकअप : आज

आमच्या घरी संध्याकाळी कुणी अनोळखी माणूस आला आणि पाणी पिऊन झाल्यावरही कामाचं बोलेना, की आई ओळखायची. आत येऊन बाबांना म्हणायची, "अहो, फोटोचं आहे."

फोटोचं म्हणजे हाराच्या फोटोचं. कुणीतरी गेलेलं असायचं आणि घरात त्या माणसाचा नीट असा एकही फोटो सापडलेला नसायचा. आधार कार्डावरचा असतो, पण तो मोठा करून भिंतीवर लावायची कुणाची छाती होत नाही. मग कुणाला तरी आठवायचं, की धाकटीच्या लग्नात गावभागातल्या त्या स्टुडिओवाल्यानं फोटो काढले होते. म्हातारी माणसं लग्नात एकदा तरी नवं नेसून, केस चापून बसवून कॅमेऱ्यापुढं उभी राहतात. तेवढाच एक फोटो असतो त्यांचा.

बाबा लगेच "आहे" असं कधी म्हणायचे नाहीत. साल विचारायचे. मांडव दारात होता की कार्यालयात, ते विचारायचे. मग वही काढायचे. प्रत्येक कामाचं एक पाकीट, पाकिटावर नंबर, वहीत नंबरापुढं नाव, गाव, तारीख आणि बाकी. पाकिटात निगेटिव्हच्या सहा-सहाच्या पट्ट्या. सांगलीत आमचं दुकान १९८९ ते २०१९, म्हणजे तीस वर्षं चाललं. खाली स्टुडिओ, वर घर. लोक फोटो काढून घ्यायला यायचे त्याहून जास्त, काढलेले फोटो परत मागायला यायचे, असं मला लहानपणी वाटायचं. अल्बम वाळवी खायची, पोरं फाडायची, वाटण्या होताना अल्बम थोरल्याकडं जायचा. आणि मग धाकटा आमच्याकडं यायचा.

तर हा लेख राउटरला लावलेल्या एका हार्ड डिस्कबद्दल आहे. तिथवर पोचायला जरा वेळ लागेल.

कृष्णेचं पाणी आमच्याकडं आयर्विन पुलावर मोजतात. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. ऑगस्टमध्ये सांगलीतली माणसं क्रिकेटचा स्कोर विचारावा तशी एकमेकांना पुलाची पातळी विचारतात. २००५ च्या पुरात आमच्या दुकानात दीड फूट पाणी आलं होतं. ते ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढली, आणि पाकिटांची सगळी कपाटं त्या रेघेच्या दोन फूट वर ठोकून घेतली. दुप्पट सोय झाली, असं ते म्हणायचे. चौदा वर्षं ती रेघ बघून आम्हाला बरं वाटायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुलावर ५७ फुटांच्या वर पाणी गेलं. दुकानात साडेपाच फूट.

वर काय नेलं? कॉम्प्युटर, दोन कॅमेरे, लाइट्स. किमती वस्तू आधी, हे साहजिकच. आईनं उधारीसाठी म्हणून वह्या उचलल्या. पाकिटं कपाटात होती, कपाट रेघेच्या वर होतं, म्हणून ती राहिली. मी पुण्यात होते. हायवे बंद, फोन लागत नाहीत. पाणी ओसरल्यावर मी पोचले तेव्हा बाबा दुकानात गुडघाभर गाळात उभे होते आणि पाकिटं बादल्यांमध्ये भरत होते. पाण्याच्या बादल्यांमध्ये. मला वाटलं, धक्क्यानं काहीतरी झालंय त्यांना.

"फिल्म पाण्याला घाबरत नाही," ते म्हणाले. "धुवायला पाण्यातच असते की. ती वाळण्याला घाबरते."

ते खरं होतं. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, मऊ होतो. दोन पट्ट्या एकमेकींवर तशाच वाळल्या, की चिकटतात, आणि मग सोडवताना एकीचं चित्र दुसरीवर निघून येतं. त्यामुळं ओलं ते ओलंच ठेवायचं, स्वच्छ गार पाण्यात एकेक पट्टी सुटी करायची आणि दोरीवर चिमटे लावून वाळवायची. पण पुरानंतर गावात प्यायला पाणी नव्हतं, तिथं निगेटिव्हला कुठलं आणणार. टँकर आला की आई दोन कळश्या घरासाठी आणि एक कळशी "त्यांच्यासाठी" घ्यायची. गच्चीवर साड्यांच्या दोऱ्यांवर तीस वर्षांची लग्नं वाळत होती. खूप गेली. जी राहिली त्यातल्या कितीतरींवर पुढं बुरशी धरायला लागली.

दुकान बंदच झालं. ऑक्टोबरमध्ये बाबांनी एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, निगेटिव्ह स्कॅन करता येणारा, आणि वर हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसले. एक फ्रेम २४०० डीपीआयवर स्कॅन केली की साधारण तेवीस एमबीची टिफ फाइल होते. छत्तीसचा एक रोल म्हणजे आठशे एमबीच्या वर. दिवसाला दोन रोल. मग २०२० चा लॉकडाऊन लागला आणि बाबांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. घरातून हलायचं नव्हतंच त्यांना. आधी चांगली पाकिटं, मग मध्यम, आणि चिकटलेली, बुरशीची, सगळ्यात नाजूक पाकिटं शेवटी, हात बसल्यावर. हा क्रम लक्षात ठेवा.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालतं की नाही हे बघण्याचे मला पैसे मिळतात. हेही लक्षात ठेवा.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांची तेरा महिन्यांची मेहनत एकाच डिस्कवर होती. एक एक्स्टर्नल डिस्क मी आधीच आणून दिली होती, दर रविवारी लावा आणि कॉपी करा म्हणून. ती कपाटात, लग्नात मिळालेल्या स्टीलच्या डब्यात, नवीकोरी. बाबांना दोष देत नाही. माणसानं दर आठवड्याला आठवणीनं करायचं काम हे तीन आठवडे होतं, चौथ्याला पाहुणे येतात. मला अशी व्यवस्था हवी होती की जिच्यात कुणी काही करायचंच नाही.

आणि मग राउटरवरची धूळ पुसताना मागं यूएसबीचं एक भोक दिसलं. तुमच्याही राउटरला असेल, बघा. बहुतेक घरांत ते आयुष्यभर रिकामं असतं. तिथं डिस्क लावली की ती घरातल्या नेटवर्कवर दिसते. कॉम्प्युटरला ती आपलीच वाटते, पण ती असते दुसऱ्या खोलीत, आणि कायम चालू. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय आहे, तिला ती जागा दाखवायची. मग ती दर तासाला बघते, काय बदललं, आणि बदललेलं तेवढं उचलून तिकडं ठेवते. जुनी आवृत्तीही राहते. म्हणजे चुकून फोटो खराब सेव्ह झाला तरी कालचा काढता येतो. नुसतं सिंक केलं तर खराबाचीच दुसरी प्रत होते.

सांगायला सोपं. करायला दिवाळीचे तीन दिवस गेले. पहिल्यांदा मी माझी खिशात मावणारी डिस्क लावली. ती टक, टक, टक करत राहिली आणि दिसेचना. राउटरचं पोर्ट यूएसबी २.० होतं, तिथून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि गोल फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. उपाशीपोटी पळायला लावल्यासारखं. मग दोन टीबीची मोठी, स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क आणली. मग ती कॉम्प्युटरला दिसेना, कारण आमचा राउटर फाइल देण्याघेण्याची एक जुनाट भाषा बोलत होता, एसएमबी १, आणि विंडोजनं ती २०१७ पासून नव्या मशीनवर चालू ठेवणं बंद केलंय. त्याच वर्षी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर जो धुमाकूळ घातला तो याच भाषेतल्या भोकातून. ऑफिसात कुणी ती परत चालू केली असती तर मी मोठ्ठा बग टाकला असता. घरी मी ती चालू केली. भाऊबीजेच्या दिवशी परत निघायचं होतं.

पहिली प्रत वायफायवरून टाकायला घेतली तर उरलेला वेळ दोन दिवस दाखवू लागला. मग लॅनची केबल ओढली, स्वयंपाकघराच्या दारावरून, तोरणाच्या खिळ्यांना बांधून. राउटरवर लिहिलेला १०० चा आकडा मेगाबिटचा असतो, त्याला आठानं भागलं की साडेबारा मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात मिळतात नऊ-दहा. चारशे जीबीला अकरा-बारा तास. रात्रभर डिस्कचा बारीक घरघराट ऐकत मी हॉलमध्ये झोपले. पहाटे लाइट गेली तेव्हा उठून बघितलं, इन्व्हर्टरवर राउटर चालू होता, कॉम्प्युटर नव्हता. परत.

एक गंमत राहिली. दुसऱ्या दिवशी आईनं टीव्ही लावला तर टीव्हीवर कुणाच्यातरी हळदीचे फोटो. राउटर शहाणा निघाला. डिस्क दिसल्याबरोबर तो त्यातले फोटो घरातल्या टीव्हीला, फोनला, ज्याला पाहिजे त्याला दाखवायला लागला होता. समोरच्या काकूंचा मुलगा आमचंच वायफाय वापरायचा. त्याच्याही फोनवर दिसले असणार. बाबा एकदम गंभीर झाले. "ते आधी बंद कर. लोकांच्या घरातल्या बायकापोरींचे फोटो आहेत. माझ्याकडं विश्वासानं ठेवलेत." मी ते बंद केलं, डिस्कला पासवर्ड घातला, वायफायचा पासवर्ड बदलला. काकू महिनाभर आईशी नीट बोलल्या नाहीत.

पण चाललं. खरंच चाललं. स्क्रीनवर एक ओळ यायची, शेवटचा बॅकअप अमुक तारीख, अमुक वेळ. आई दर रविवारी त्या ओळीचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. "शेवटचा बॅकअप : आज" असं स्वतः खाली टाइपही करायची. मी अंगठा दाखवायचे. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. बाबांना फोनवर मी कितीदा म्हटलं असेल, आता काळजी सोडा.

जुलै २०२१ मध्ये परत पूर आला, पुलावर पन्नास फुटांच्या वर. दुकानात पाणी, घरात नाही. बाबांनी कॉम्प्युटर टेबलावरून माळ्यावर ठेवला आणि राउटर अन् डिस्कही माळ्यावर, शेजारी. फोनवर हे ऐकताना मला हसू आलं होतं. मूळ आणि प्रत एकाच माळ्यावर, एकाच गोधडीत गुंडाळलेली. पाणी उतरलं आणि ते हसू मी विसरले.

मे २०२२. माधवनगरहून एक बाई आल्या होत्या. त्यांची आई आदल्या वर्षीच्या मे महिन्यात गेलेली, कोविडमध्ये. तेव्हा फोटोचं कुणाला सुचलंच नव्हतं. दिवसच तसे होते, माणूस घरून गेला तो परत बघायलाही मिळाला नाही. आता वर्षश्राद्ध होतं. बाईंचं स्वतःचं लग्न १९९६ चं, आमच्याकडचं. बाबांनी वही काढली, पाकीट २११७. बुरशीच्या गठ्ठ्यातलं, पण स्कॅन झालेलं. ते खुशीत कॉम्प्युटरपुढं बसले.

मला ऑफिसात फोन आला. "अगं, ई दिसेना."

"ई म्हणजे?"

"ई की. ई ड्राइव्ह."

मला ई ड्राइव्ह माहीत नव्हता.

मार्च २०२१ मध्ये डी ड्राइव्ह भरला होता. बाबांनी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्या पोराला बोलावलं, त्यानं आत आणखी एक डिस्क बसवली, आणि त्यापुढचं सगळं काम बाबा ईवर टाकत होते. साधी गोष्ट. दुकानात एक कपाट भरलं की दुसरं आणायचं, तसं. मला सांगण्यासारखं त्यात काय होतं? आणि मी कधी विचारलं नव्हतं. फाइल हिस्टरीला मी जे फोल्डर दाखवले होते ते डीवरचे. ती बिचारी चौदा महिने दर तासाला डीवर जाऊन बघत होती, काही बदललंय का, काही बदललं नव्हतं. आणि इमानदारीनं लिहीत होती, शेवटचा बॅकअप आज. ते खोटं नव्हतं. जे सांगितलं होतं तेवढ्याचा बॅकअप झालेलाच होता.

टेस्टिंगमध्ये आम्ही याला काय म्हणतो ते सांगत नाही. मी चौदा महिन्यांत एकदाही, एकदाही त्या डिस्कवरून एक फोटो परत काढून बघितला नव्हता. काढायला गेले असते आणि बाबांना "कालचा कुठला पाहिजे?" असं विचारलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

मी फोनवर गप्प झाले, तर बाबाच म्हणाले, "असू दे. तू बॅकअप लावलायस ना?"

त्या वाक्याचं मी अजून काही करू शकलेले नाही.

ईवर होते पावणेचारशे रोल. आणि क्रम आठवा, चांगले आधी झाले होते. ईवर होतं ते नाजूक, शेवटी ठेवलेलं. चिकटलेल्या पट्ट्या बाबा ट्रेमध्ये पाण्यात तासन् तास तरंगत ठेवायचे, सुटल्या की ओल्या असतानाच काचेवर घेऊन स्कॅन करायचे. कितींचा तर थर त्यानंतर सुटून पाण्यात निघून जायचा. ती फिल्म आता पारदर्शक प्लास्टिक आहे, खिडकीला लावली तर पलीकडचं झाड दिसतं. २११७ त्यातलंच. अर्ध्याहून थोडे जास्त रोल परत स्कॅन होण्यासारखे होते. बाकीचे नव्हते. डिस्क मी पुण्यात एका डेटा रिकव्हरीवाल्याकडं दाखवली. त्यानं उघडली आणि म्हणाला, हेड प्लॅटरवर घासलंय, ओरखडा दिसतोय बघा. आरशासारख्या तबकडीवर खरंच एक गोल रेघ होती. पैसे घेतले नाहीत त्यानं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी त्या बाई अजून हॉलमध्ये बसलेल्या होत्या.

बाबांनी वही परत बघितली. २११७ पुढं बारीक टिक होती. मला त्या टिकांचा अर्थ ठाऊक नव्हता, आईला होता. स्कॅन करताना एखादा चांगला फोटो निघाला आणि त्या घरातल्या कुणाचा नंबर जवळ असला, की बाबा तो व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचे. "सापडला बघा." पैसे नाहीत, काही नाही. लोकांना आनंद होतो म्हणून. आई चिडायची, फुकट वाटताय म्हणून. २११७ मधला एक फोटो त्यांनी नवरीच्या भावाला पाठवलेला होता. बाबांनी फोन मध्यंतरी बदलला होता, त्यामुळं पाठवलेला त्यांच्याकडं नव्हता. भावाकडं असेल.

"तुम्हीच लावा की फोन," बाबा त्या बाईंना म्हणाले.

बाई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, भावाशी चार वर्षं बोलणं नाही. जमिनीचं. आई त्यांना घेऊन जिन्यात गेली. जिन्यात काय बोलणं झालं ते आईनं आम्हाला कधी सांगितलं नाही. वीस मिनिटांनी बाईंच्या फोनवर फोटो आला. नवरीशेजारी तिची आई, हिरव्या काठांचं लुगडं, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडं न बघता नवरीच्या मुंडावळ्यांकडं बघतेय.

व्हॉट्सॲपनं आकसलेला. लांबीला १६०० पिक्सेल, त्यातली आई कापून घेतली तर जेमतेम सातशे. मूळ स्कॅन याच्या दुपटीहून मोठा होता. बारा बाय पंधराची फ्रेम पाहिजे होती, बाबा म्हणाले, आठ बाय दहाच्या वर जाऊ देणार नाही, चेहरा फुटेल. रात्री दोन वाजेपर्यंत त्यांनी तो दुरुस्त केला. नाकावरचा बुरशीचा ठिपका काढला, नथ ठेवली. भाऊ फ्रेम न्यायला स्वतः आला, की बहिणीला पाठवलं, मला माहीत नाही.

त्यानंतर बाबा कामाला लागले. ईवरच्या पाकिटांपैकी टिका होत्या २१२ पाकिटांवर. त्यांनी सगळ्यांना मेसेज टाकले, "मी तुम्हाला मागे एक फोटो पाठवला होता. असेल तर परत पाठवा. कामाचा आहे." कुणी "फोन हँग होत होता म्हणून डिलीट मारला" असं कळवलं. कुणी दुसऱ्याच लग्नाचा पाठवला. एकानं त्या फोटोचा कप छापून घेतला होता, त्यानं कपाचा फोटो काढून पाठवला. पण नव्वदच्या वर फोटो परत आले. तासगाव, मिरज, विटा, एक तर दुबईहून. सगळे लहान झालेले, काहींवर गुड मॉर्निंग लिहिलेलं. डीवर आता 'परत आलेले' नावाचा फोल्डर आहे.

बॅकअपवाल्यांच्या जगात तीन-दोन-एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हा नियम पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरच्या नावावर आहे. फोटोग्राफरच असणार. मी हा नियम ऑफिसात प्रेझेंटेशनमध्ये सांगितलेला आहे. आमच्या घरात घराबाहेरची प्रत होती ती फक्त बाबांच्या फुकट वाटण्यातून झालेली.

मग क्लाउड का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. नऊशे जीबी, अपलोडचा वेग खरा दहा मेगाबिट, म्हणजे अहोरात्र न थांबता आठ दिवसांच्या वर. ते एक वेळ जमवता येतं. पण बाबांना तो टीव्हीवरचा हळदीचा फोटो आठवतो. दुसऱ्याच्या मशीनवर लोकांची लग्नं ठेवायची नाहीत. एनक्रिप्शन काय असतं ते मी त्यांना समजावलं, त्यांना समजलंही, आणि तरी ते नाही म्हणाले. मी आता वाद घालत नाही. माझी त्या घरातली तांत्रिक पत जरा कमी झालेली आहे.

सध्या असं आहे. राउटर बदलला, त्या जुनाट भाषेशिवाय बोलणारा आणला. डिस्क तीच, अजून त्याच भोकाला. फाइल हिस्टरीला डीसुद्धा दाखवलाय, नवा ईसुद्धा, आणि आईच्या रविवारच्या फोटोत आता त्या ओळीखाली फोल्डरांची पूर्ण यादी असते. त्याशिवाय दोन सुट्या डिस्क आहेत. कुठला व्हायरस घुसला तर कायम जोडलेली डिस्कही मूळ कॉम्प्युटरबरोबरच जाते, म्हणून यातली एकही कशाला जोडलेली नसते. एक सांगलीत त्या स्टीलच्या डब्यात, एक पुण्यात माझ्या कपाटात. मी घरी जाताना पुण्याची नेते, तिच्यावर नवं भरते, आणि येताना सांगलीची आणते. चकलीच्या डब्याशेजारी, पंचात गुंडाळून. एसटीत बॅग मांडीवर. मेलेली ई डिस्कही माझ्या कपाटात आहे. टाकवत नाही.

आणि दर दिवाळीला फराळ झाला की परीक्षा असते. बाबा वही न दाखवता एक नंबर सांगतात. मी कॉम्प्युटरला हात न लावता, फक्त पुण्याच्या डिस्कवरून आणि माझ्या लॅपटॉपवर, तो काढून दाखवायचा. नापास झाले तर लाडू बंद.

गेल्या वर्षी म्हणाले, "एकोणीसशे चार."

सापडला. लग्न नव्हतंच. पासपोर्टचा रोल होता, एकेक माणूस, निळा पडदा. सहाव्या फ्रेममध्ये विशीतली एक मुलगी, दोन वेण्या, वेण्यांना एकाच रंगाच्या रिबिनी नाहीत. नोकरीच्या अर्जासाठी काढला असणार. पुढच्या फाइलमध्ये पाकीटही स्कॅन केलेलं होतं, बाबा पाकीटही करतात. त्यावर नंबर, तारीख, नावाच्या जागी पुराचा डाग.

"ही कोण?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आले. मुलीकडं बघितलं, मग पाकिटाकडं. डागाच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी होतं. मी मोठं करून दाखवलं.

"कोण ते आठवत नाही," ते म्हणाले. "पण चाळीस रुपये यायचेत तिच्याकडनं."